एक फोन मागे

जबलपूरच्या मदन महल स्टेशनावर उतरलेल्या माणसाला न्यायला सहसा कोणीतरी येतं. मीरा रामटेकेला न्यायला कोणी आलं नव्हतं, आणि दोष द्यायचाच तर तो तिचाच होता. तिनं कळवलं नव्हतं. कळवणार तरी कोणाला? घरी एकटे बाबा. फोनवरचं निम्मं त्यांना ऐकू यायचं नाही आणि उरलेलं निम्मं ऐकायला ते थांबायचे नाहीत. "हां हां, ठीक ठीक," एवढं ओरडून फोन ठेवून द्यायचे. अठरा वर्षं मीरा जगातल्या जळत्या गावांतून घरी फोन करत आली होती, आणि दरवेळी तिला वाटायचं, आपण कुलूप लागलेल्या ऑफिसात बातमी पाठवतो आहोत.

ऑटोवाल्यानं तिच्या पाठीवरची खाकी, डागाळलेली पिशवी निरखून पाहिली.

"दीदी, फौज में हो क्या?"

"नहीं भैया. फौज के पीछे-पीछे चलती हूँ."

"पीछे ही ठीक है," तो म्हणाला, आणि त्यानं ऑटो अशी दामटली की मीरानं कुठल्याही रणगाड्यासमोर धरली नसेल इतकी घट्ट दांडी धरली.

मीरा सेहेचाळीस वर्षांची होती. दिल्लीतल्या एका हिंदी वाहिनीची युद्धवार्ताहर. निळं जाकीट आणि हेल्मेट घालून ती पडद्यावर यायची तेव्हा लोकांना फार धीट वाटायची. खरं तर ती दिसायची दीड मिनिट. उरलेला दिवस जायचा कुठल्या तरी नाक्यावर कागदपत्रं दाखवण्यात, पेट्रोल शोधण्यात आणि संडास कुठे आहे ते विचारण्यात. लग्न एकदा झालं होतं. "तू घरी असतेस तेव्हापण तिकडेच असतेस," असं म्हणून नवरा निघून गेला होता. तो खोटं बोलला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

ऑटोत तिनं फोन काढला आणि तोच मेसेज पुन्हा वाचला. किती वेळा वाचला त्याची गणती नव्हती. हान्ना नावाच्या बाईनं तो युक्रेनमधून, भाषांतराच्या ॲपमधून काढून पाठवला होता.

"दारिना विचारते, बाबा कसा बोलायचा. मला आठवतं, पण ते मला बोलून दाखवता येत नाही. त्याचे व्हिडिओ त्याच्याच फोनमध्ये होते, तो फोन गाडीसोबत जळला. तुमच्याकडे त्याचे कितीतरी तास असतील. रविवारी ती चार वर्षांची होईल."

खाली मीराचं उत्तर होतं. विचार करायच्या आत बोटांनी दिलेलं. "हो, नक्की. रविवारच्या आत पाठवते."

आज गुरुवार होता, आणि मीराकडे आंद्रीच्या आवाजाचा एक शब्दसुद्धा नव्हता.

आंद्री, दारिनाचा बाप, मीराचा दुभाषा, ड्रायव्हर, वाटाड्या, सगळंच होता. युद्धाआधी तो एका मेडिकल कॉलेजच्या होस्टेलात कामाला होता. आपल्याकडची पोरं तिथं डॉक्टर व्हायला जायची, त्यांच्याकडून तो हिंदी शिकला होता. व्याकरण नाही, नुसता जिव्हाळा. "चलो चलो, बिल्डिंग गिरेगा बाद में, पहले चाय." दीड वर्ष तिनं त्याच्या मागच्या सीटवर काढलं. मग मार्चमध्ये ती सुटीवर दिल्लीला आली, आणि चौथ्या दिवशी, एका खेड्यातून दोन म्हाताऱ्या बायांना काढायला गेलेल्या आंद्रीच्या गाडीवर तोफगोळा पडला. म्हाताऱ्या अजून गाडीत बसल्या नव्हत्या. बोचकी कोणती घ्यायची यावरून त्यांचं दारात भांडण चाललं होतं, म्हणून वाचल्या.

त्याचा आवाज नाही म्हणजे काय, असं कोणीही विचारेल. पण या धंद्याची रीतच तशी आहे. दुभाष्याचा आवाज बातमीत ठेवत नाहीत. तो प्रश्न विचारतो, उत्तर येतं, आणि मग कात्री चालवून मधून त्यालाच काढून टाकतात. मीरा या कापण्यात पटाईत होती. शिवाय तिचा स्वतःचा एक नियम होता: संध्याकाळी बातमी पाठवली की मूळ चित्रण पुसून टाकायचं, सगळं. दुसऱ्या दिवशी नाक्यावर कोणी कॅमेरा हिसकावला तर बोलणाऱ्या गरीब माणसांची नावं-चेहरे त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून. नव्या पोरांना ती हा नियम अभिमानानं शिकवायची. तिच्याकडे उरल्या होत्या फक्त शांतता. प्रत्येक मुलाखतीनंतर त्या खोलीची मिनिटभर शांतता भरून घ्यायची असते, आवाजांचे तुकडे जोडताना मधल्या फटी बुजवायला. अशा दोनशेवर शांतता तिच्या लॅपटॉपात होत्या. तिनं सगळ्या ऐकल्या. एकीत कोणीतरी खाकरलं होतं. तो आंद्री होता की ती घरमालकीण, सांगता येत नव्हतं.

बाबा, म्हणजे देवीदास रामटेके, अंगणात उन्हाला बसून मटार सोलत होते. चौतीस वर्षं त्यांनी तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत तपासणी खात्यात काढली होती, आणि फॅक्टरीनं त्यांचे दोन्ही कान ठेवून घेतले होते. मीराला पाहून ते उठले नाहीत. ती कोपऱ्यावर भाजी आणायला गेली होती अशा आवाजात म्हणाले, "आली? काहून इतकी वाळली?"

"तुम्ही पण कुठे भरलात!"

"हां हां, ठीक ठीक."

तिनं पिशवी टेकवली, आणि तेवढ्यात रेंजवर धडाम झालं. फॅक्टरीत बनलेला माल तिकडे, दूर मोकळ्यावर उडवून बघतात. जबलपूरच्या या अंगाला लहान पोरंसुद्धा त्या आवाजाला उठून बसत नाहीत. मीरा मात्र क्षणात पाण्याच्या ड्रमामागे होती, गुडघे पोटाशी, हात डोक्यावर. मान वर केली तेव्हा बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. त्यांनी तळहात स्टुलावर सपाट टेकवला होता, आवाज हातानं ऐकावा तसा.

"दुसरा," ते म्हणाले. "जेवायच्या टायमाला थांबतात."

ती कपडे झटकून उठली. ड्रमावरच्या फळीवर बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत मूठभर तांदूळ, मूठभर डाळ, आणि बाबांच्या अक्षरात तारखेची चिठ्ठी. हे बाबांचं जुनं वेड. फॅक्टरीत प्रत्येक लॉटमधून एक नमुना बाजूला काढून ठेवायचे; पुढे तक्रार आली तर तपासायला मूळचं काहीतरी हाताशी पाहिजे. ती सवय घरी आली आणि घरात जे जे पोत्यानं आलं त्याचा नमुना ठेवला गेला. आई, मालनबाई, हसून लोटपोट व्हायची. "माझा पण एक नमुना काढून ठेवा, मग बसाल पाहत." आई जाऊन सहा वर्षं झाली. तिचा नमुना कुठल्या बाटलीत नव्हता.

मीरा मटार सोलायला बसली. दोघांच्या मध्ये परात, आणि एक जुनं भांडण. आठ वर्षांपूर्वी मोसुलहून येताना तिनं मोज्यात गुंडाळून एक लोखंडाचा तुकडा आणला होता. जेवता जेवता ताटाशेजारी ठेवला आणि विचारलं, "बाबा, तुमचा तर नाही ना?" बाबांनी चष्मा लावला, तुकडा उलटापालटा केला, जाडी नखानं मोजली. "आपला नाही," म्हणाले. "आपली खाच वेगळी असते." मग हात धुतले आणि अर्ध्या जेवणावरून उठले. तेव्हापासून तिच्या कामाबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नव्हता. फोनवर दोनच प्रश्न. "जेवली का?" आणि "सोबत कोण आहे? त्याला फोन दे." मग ती फोन आंद्रीच्या हातात देऊन पेट्रोल बघायला, नाहीतर कॅमेरा लावायला जायची. दहा मिनिटांनी परत यावं तर आंद्री फोन कानाला लावून माना डोलावत असायचा. म्हातारा बिचाऱ्याला जेवणावरून पिडतो आहे, असंच ती समजून चालली होती.

"किती दिवस हायेस?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही."

"अं?"

"माहीत नाही!"

"असं. ठीक ठीक."

बहिऱ्या माणसाला मनातलं सांगणं मोठं कठीण. हळू बोललं तर पोचत नाही, आणि ओरडून सांगितलं की ते मनातलं राहत नाही. पण रविवार तीन दिवसांवर आला होता, आणि हे तिनं कोणाजवळ बोलून दाखवलेलं नव्हतं. दिल्लीत ज्याला सांगावं असा माणूस नव्हता. शेवटी तिनं मटारची शेंग खाली टाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "बाबा, मी एका बाईला खोटं सांगितलं!"

"कोणत्या बाईला?" हा प्रश्न बाबांचा नव्हता. भिंतीपलीकडून आला होता. शेजारच्या कलावती काकू कपडे वाळत घालत होत्या, त्या आता टाचा उंचावून उभ्या राहिल्या. "मीरा? आली का गं तू? बोल बोल, मी काही ऐकून नाही राहिली."

मीराला हसूही आलं आणि रडूही. मग तिनं सगळं ओरडूनच सांगितलं. आंद्री गेला ते, हान्नाचा मेसेज, आपलं पुसून टाकणं, दोनशे शांतता, रविवार. सांगता सांगता तिचा घसा बसला. "त्याचा आवाज माझ्याकडे नाही, बाबा! एवढंसंही नाही! दीड वर्ष तो माझ्यासाठी बोलत होता अन् मी त्यालाच कापत बसले!"

बाबा तिच्या ओठांकडे बघत होते.

"कोण गेला म्हणाली?"

"आंद्री!"

"तो? चलो-चलोवाला?"

मीरा चमकली. "तुम्हाला कसं माहीत तो चलो-चलो म्हणायचा?"

बाबांनी मांडीवरची सालं झटकली, हळूहळू उठले आणि आत गेले. भिंतीवरून कलावती काकूंनी पदर तोंडाला लावला होता. "तो गोड बोलणारा? अगं बाई. गेला?"

"काकू, तुम्हाला पण?"

"मग! आम्ही दोघंच तर ऐकायचो."

बाबा बाहेर आले ते एक बिस्किटाचा डबा घेऊन. डब्यात त्यांचा जुना फोन, कानावर बसणारे मोठे हेडफोन आणि एक वही. वहीत आडव्या रेघा, तारखा, आणि पहिल्या रकान्यात लॉट क्रमांक.

"तू फोन करायची तवा मले काहीच समजत नव्हतं," ते म्हणाले. "म्हणून तो फोन स्पीकरवर ठेवायचा अन् बाजूले हा जुना, रेकॉर्डिंगवर. मग हे कानाले लावून, फुल करून, ऐकायचं. दोनदा-तीनदा. तरी नाही समजलं तर कलावतीले विचारायचं."

"सगळे फोन?"

"नमुना ठेवाच लागतो." मग परातीकडे बघत म्हणाले, "तू तिकडे. काही झालं तर मागून तपासाले काही तरी पायजे ना."

आठ वर्षांचे फोन होते. त्यांतल्या एकोणीस ओळींपुढे बाबांनी लिहिलं होतं, 'आंद्री'. ऱ्हस्व-दीर्घासकट बरोबर.

त्या दिवशी आणि शुक्रवारभर मीरा अंगणात बसून ते एकोणीस फोन ऐकत राहिली. पहिल्या पाचातच तिची उमेद खचली. आवाज होता, पण बाबांच्या आवाजाखाली गाडलेला. बहिरा माणूस समोरचा बोलतो आहे की थांबला आहे हे बघत नाही. "अंकलजी, नमस्ते, आज हम" एवढं आंद्री म्हणतो न म्हणतो तोच बाबांची तोफ: "हां हां, ठीक ठीक! खाना खाया?" दोन आवाज एकमेकांत असे रुतलेले की तिच्या कुठल्याही कात्रीनं सुटले नसते.

आणि एक गंमत तिच्या ध्यानात आली. बाबा त्याला चुकीची उत्तरं देत नव्हते. ते मागच्या फोनची उत्तरं देत होते. एका फोनवर आंद्रीनं सांगितलं की मुलीला खोकला झाला, की बाबा ते फोन ठेवल्यावर ऐकायचे, आणि पुढच्या फोनला काही विचारायच्या आत ओरडायचे, "हल्दीवाला दूध दिया क्या बच्ची को?" तोवर तिचा खोकला बरा होऊन गेलेला असायचा. आंद्रीलाही ते उमगलं असावं. तो शेवटी शेवटी म्हणायचा, "अंकलजी, ये अगले फोन के लिए सवाल." दोघांचं बोलणं असं एक फोन मागून, पण न चुकता, वर्षभर चाललेलं. आणि ती तेव्हा तिथेच, चार हातांवर, पेट्रोलची वाट बघत.

अकरावा फोन. आंद्रीचा आवाज दबलेला, मागे वारा. "अंकलजी, आप गोला बनाता था, मीरा बोली. एक सवाल. आवाज आता है, मालूम नहीं कितना दूर. डर लगता है. मीरा को नहीं बोलना." वरून बाबांचं ठीक ठीक.

बारावा. बाबा नमस्कारही न करता सुरू झाले होते. "बेटा, सुन. पहले उजाला दिखेगा, बाद में आवाज. उजाला दिखा, गिनना चालू. तीन गिनती में एक किलोमीटर. गिनती कम-कम होती गई तो गाडी घुमा, सीधा भाग. समझा? मेरे पीछे बोल." आणि मग ते थांबले. त्यांना उत्तर ऐकू येणार नव्हतं. पण समोरचा म्हणेल एवढ्या विश्वासानं, शाळामास्तरासारखे थांबले. आणि हिंदीत सांगता सांगता मोजायला लागले ते मात्र मराठीत, कारण माणूस मोजतो घरच्या भाषेतच.

"एक."

"एक," आंद्री म्हणाला. स्वच्छ, मोकळा, वाऱ्याशिवाय.

"दोन."

"दोन."

"तीन."

"तीन."

"हा एक किलोमीटर. चार."

"चार."

बारापर्यंत. मध्ये आठाला तो अडखळला आणि स्वतःशीच हसला.

मीरानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. गाडी चालवताना आंद्री पुटपुटत मोजायचा, एक, दोन, तीन, आणि कधी कधी काही न सांगता गाडी वळवायचा. ती मागच्या सीटवर बसून मनात खूश व्हायची, पठ्ठ्या माझ्या तोंडून ऐकून मराठी शिकला. तिचं काही नव्हतं त्यात. ती जिवंत होती ती या दोघांच्या शिकवणीवर, आणि तिला त्यातलं काही सांगावं असं दोघांपैकी एकालाही वाटलं नव्हतं.

बाबा समोर बसून तिचा चेहरा वाचत होते. "सापडलं?"

तिनं मान डोलावली.

"मंग पाठव. पण माझं काढून टाक त्यातून. लेकराले माझा भसाडा आवाज काहून? भिऊन जाईन."

शनिवारी सकाळी तिनं लॅपटॉप उघडला आणि बाबांना कापायला घेतलं. हातखंडा काम. बाबांचे बारा आकडे काढले, मधल्या फटीत त्याच अंगणातली मिनिटभर शांतता भरून बसवली. ऐकलं. एक माणूस एकटाच, रिकाम्या जागेत, एक, दोन, तीन म्हणत होता. कोणासाठी म्हणतो आहे ते समजत नव्हतं. त्याच्या हसण्याला कारण उरलं नव्हतं. मीराच्या सगळ्या बातम्या अशाच तर असायच्या: उत्तरं होती, विचारणारा माणूस गायब.

तिनं कापलेलं सगळं परत जोडलं आणि होतं तसं हान्नाला पाठवून दिलं. खाली लिहिलं, "एवढंच आहे. आधी खोटं बोलले होते, माफ करा." दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

शनिवार गेला. रविवारी बाबा कमानिया गेटपर्यंत बसनं जाऊन खोव्याची जलेबी घेऊन आले. "वाढदिवस आहे ना पोरीचा," म्हणाले, जणू ती शेजारच्या गल्लीत राहत होती. तिघांनी अंगणात बसून खाल्ली. कलावती काकूंनी दोनदा विचारलं, "आला का काही?" आणि मग स्वतःच म्हणाल्या, "येईल. त्यांच्याकडे आत्ता सकाळ असेल." मीरा दर दोन मिनिटांनी फोन उलटा करून ठेवत होती आणि पुन्हा सुलटा.

उत्तर सोमवारी आलं, रेंजवर काम सुरू झाल्यावर. पहिल्या धडामला तिचे खांदे वर गेले. पण ती खुर्चीतच राहिली, बाबांसारखा तळहात स्टुलावर ठेवून. हान्नानं एकच ओळ लिहिली होती. आभार नाहीत, रडणं नाही.

"दारिना पुन्हा पुन्हा ऐकते. विचारते, आजोबांसारखं बोलणारा तो माणूस कोण, जो बाबाला शिकवतो?"

मीरानं ती ओळ बाबांच्या कानाशी ओरडून सांगितली. दोनदा सांगितली. कलावती काकूंना पहिल्यांदाच समजली आणि त्या भिंतीआड खाली बसल्या.

"काय लिहू बाबा? कोण म्हणून सांगू?"

बाबांनी हातातली शेंग सोलली, दाणे परातीत टाकले. स्टूल पुन्हा थरथरलं. या वेळी त्यांनी तळहात टेकवला नाही, नुसते त्या दिशेला बघत राहिले, बराच वेळ, मोजत असावेत तसे.

"लिही, रिटायर आदमी आहे," ते म्हणाले. आणि तिचं बोट फोनवर टेकायच्या आत पुन्हा म्हणाले, "आता नाही बनवत, हेपण लिही."

मीरानं दोन्ही लिहिलं. एकही शब्द कापला नाही.